मागची भिंत

"तिथं नुसत्या पायऱ्या आहेत. तू कशाला जिवाचे हाल करून घेतेस? मी फोटो आणून दाखवतो ना!" धाकटा भाऊ वर्षानुवर्षं हेच सांगत आला होता. भाऊ वाईट नव्हता, प्रेमळ होता, आणि प्रेमळ माणसाशी भांडता येत नाही हीच तर पंचाईत असते.

ताई छापखान्यात मुद्रितं तपासायची. एका पुस्तकाचं काम करताना एका प्राचीन मंदिराच्या मागच्या भिंतीवर कोरलेली बाई तिच्या मनात भरली. एक पाय उचलून तळव्यातला काटा काढणारी. ती एकदा डोळ्यांनी बघायचीच, म्हणून ताईने गाडी ठरवली आणि आपली चाकाची खुर्ची घेऊन ती एकटी निघाली.

मंदिरापाशी पोचल्यावर पाहिलं, तर मागे जायला सपाट वाट होती. ताईने चाकांना हात घातला, तोच तीन-चार दणकट माणसं धावत आली.

"घाबरू नका ताई, आम्ही आहोत."

"अहो थांबा, मला मागच्या बाजूला..."

खुर्ची केव्हाच हवेत! पायऱ्या चढून तिला थेट गाभाऱ्यापुढे ठेवलं. कुणी फोटो काढला. कुणी ड्रायव्हरला विचारलं, "यांना पाणी चालेल का?" ताई सांगत होती, पण ऐकणार कोण? पुन्हा उचलून तिला खाली आणलं. ती दमली असेल म्हणून ड्रायव्हरने तिला सीटवर बसवलं आणि खुर्ची डिकीत टाकली. खुर्ची गेली म्हणजे ताईचे पायच गेले.

"मी मागची भिंत पाहिलीच नाही हो," ती म्हणाली.

ड्रायव्हरने वळून पाहिलं. रखवालदार फाटकाला कुलूप लावत होता. ड्रायव्हर त्याला विनवायला धावला, पण वेळ संपली होती. ताईला उद्या कामावर हजर व्हायचं होतं.

"पण सगळ्यांनी मदतच केली ना?" तो ओशाळून म्हणाला.

"तुम्हाला कुणी उचलून भलत्याच गाडीत बसवलं, तर मदत म्हणाल?"

तो हळूच म्हणाला, "चुकलं ताई. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

मंडळी, आपणही असेच धावतो आणि पुण्य पदरात पाडून मोकळे होतो. हात पुढे करण्याआधी समोरच्याला विचारावं, कुठं जायचंय तुम्हाला? आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावं. तेवढं कुणी थांबलं असतं, तर ताई त्या बाईला भेटून आली असती.