स्वच्छ टेक

"मास्तर, एक विचारू?" मिक्सिंगवाल्याने खुर्ची गर्रकन मागे फिरवली. "व्हायोलिन तुम्ही घरीच रेकॉर्ड करता ना? मग घर काय डोंगरावर आहे का तुमचं? एवढा स्वच्छ टेक! माझ्या या स्टुडिओतसुद्धा इतकं गप्प होत नाही हो."

मास्तर सुखावले. गेली वीस-बावीस वर्षं ते छोट्या सिनेमांना संगीत देत होते. छोटे म्हणजे ज्यांना निर्माता नसतो, नट ओळखीपाळखीतले असतात आणि कुठल्यातरी महोत्सवात दुपारच्या खेळाला जी मूठभर माणसं येतात त्यातली निम्मी दिग्दर्शकाच्या घरची असतात. अशा सिनेमांत संगीताचं कौतुक कोण करणार? फार झालं तर 'संगीत कुठे मध्ये आलं नाही' असं कोणी म्हणे, आणि मास्तर त्यावर आठवडाभर खूश असत. त्यांनी जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. कधीतरी कोणीतरी मास्तर म्हणालं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

"भिंतीला ब्लँकेटं ठोकलीत," ते म्हणाले. "एकावर एक, मध्ये पुठ्ठे. पलीकडे आईचं ऑक्सिजनचं मशीन असायचं ना. रात्रंदिवस घरघर. त्याच्यासाठी केलं होतं सगळं. पण जमलं."

"म्हणजे मशीन चालू असताना वाजवलंय हे?"

"हो तर."

"काहीतरीच काय! ब्लँकेटांनी फार तर पोरांचा दंगा कमी होईल. मशीनची घरघर जमिनीतून येते, मास्तर. ती अशी अडत नाही."

"मग ऐकतोयस काय तू? अडली ना?" मास्तर जरा तोऱ्यातच म्हणाले.

मिक्सिंगवाल्याने खांदे उडवले आणि पुन्हा पडद्याकडे वळला. मागे सोफ्यावर दिग्दर्शक नखं कुरतडत बसला होता. त्याला ब्लँकेटांत काडीचा रस नव्हता. त्याचा सिनेमा ट्रक चालवणाऱ्या एका बाईचा. शेवटी ती धरणाच्या काठाशी ट्रक थांबवते, उतरते आणि पाण्याकडे बघत उभी राहते. पाण्याखाली तिचं गाव आहे. बाई तोंडातून शब्द काढत नाही. जे काही बोलायचं ते व्हायोलिनने बोलायचं. याच प्रसंगासाठी मास्तरांनी जिवाचं रान केलं होतं. आणि याच प्रसंगाचं रेकॉर्डिंग केलं त्या दिवशी त्यांची आई गेली होती.

त्याला आता दीड महिना होत आला होता. मास्तर लहानपणी व्हायोलिन हातात घेऊ लागले तेव्हापासून आईने घर गप्प करण्याचं काम अंगावर घेतलं होतं. धाकटा वाजवायला बसला की रेडिओ बंद, पंखा बंद, नळाखाली फडकं. पुढे घरातच रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हा ती फ्रीजची पिनसुद्धा काढून ठेवी, आणि दूध नासलं की 'उन्हाळा फार आहे' म्हणे. मास्तर मायक्रोफोन चालू करत, कानांवर जाडजूड हेडफोन चढवत आणि ओरडत, "आई, सुरू करतोय गं!" वाजवून झालं की ओरडत, "झालं गं!" मधल्या वेळात त्या घरात माणसं राहतात याचा पत्ता लागत नसे.

मग तिच्या फुफ्फुसांनी संप पुकारला आणि मशीन आलं. तेव्हा मास्तरांनी तिला बजावलं होतं, "हे बंद करायचं नाही हं. माझं रेकॉर्डिंग असो, नाहीतर आणखी काही असो. आवाजाचं मी बघतो."

"बरं," आई म्हणाली होती.

आईच्या 'बरं'चा अर्थ 'ऐकलं' एवढाच असे, 'ऐकेन' असा नव्हे. हे दोन्ही मुलांना चांगलं ठाऊक होतं. पण त्या दिवशी मास्तरांना ब्लँकेटांची घाई होती.

ती गेली त्या सकाळी ताईने, म्हणजे मास्तरांच्या थोरल्या बहिणीने, मशीन मिनिटभर थांबवून त्याचा फिल्टर धुतला, परत बसवला आणि ती कामावर गेली. औषधांच्या दुकानात काउंटरवर असे ती. दुपारी जेवायला आली तर आई उशांना टेकून बसलेली, डोळे मिटलेले, नळी नाकाशी आणि मशीन बंद. पलीकडच्या खोलीत मास्तर कानांना हेडफोन लावून सकाळचे टेक ऐकत होते. ताईने येऊन खांदा गदागदा हलवला तेव्हा त्यांना कळलं.

"मी चालू करायचं विसरले," ताई म्हणाली. डॉक्टरांना म्हणाली, शेजाऱ्यांना म्हणाली, भेटायला आलेल्या प्रत्येकाला आधी तेच म्हणाली. दहाव्या दिवसानंतर ती कामावर गेली आणि संध्याकाळी नोकरी सोडून घरी आली. "गोळ्या मोजताना हात थांबतो रे, धाकट्या. माझ्या हातांचा मला भरवसा वाटत नाही." आता ती गॅस बंद केला की नाही ते बघायला जिन्यावरून परत येई. दार ओढून घेतलं की म्हणे, "एकदा तू ढकलून बघ." रात्री उठून दिव्यांची बटणं चाचपडे. माणूस डोळ्यांदेखत झिजत चाललं होतं.

मास्तरांनी तिची खूप समजूत घातली. "विसरतं गं माणूस. आईनंसुद्धा माफ केलं असतं तुला. मी तर केव्हाच केलंय." खरं सांगायचं तर मनाच्या तळाशी ताईबद्दल एक अढी बसली होती, आणि ती असूनही आपण माफ करतो आहोत, याचं त्यांना थोडं बरंही वाटलं होतं.

"मास्तर, इथं गोची आहे," मिक्सिंगवाला म्हणाला. "शॉट सुरुवातीला वाढवलाय यांनी. बाई उतरते तिथपासून व्हायोलिनपर्यंत भोक पडतंय."

"वाजवायला सुरुवात करायच्या आधीचं काही असेल ना?" दिग्दर्शक म्हणाला. "नुसती खोलीची शांतता मिळाली तरी चालेल."

"असेल. मी मायक्रोफोन आधीच चालू करून ठेवतो," मास्तर म्हणाले. त्या सकाळचं सगळं रेकॉर्डिंग एका दमात झालेलं होतं. पहिल्या टेकपासून शेवटच्यापर्यंत त्यांनी मध्ये कुठे थांबवलं नव्हतं. मिक्सिंगवाल्याने कापलेला भाग परत ओढून काढला आणि अगदी पहिल्यापासून लावला.

आधी घरघर आली. ब्लँकेटांमागची, दबलेली, पण चांगली स्पष्ट. मग मास्तरांचा स्वतःचाच आवाज, "आई, सुरू करतोय गं!" मग लांबून, धाप लागलेला, "कर, कर." मग खट् असा आवाज झाला. घरघर खाली खाली जात थांबली. थोडा वेळ काहीच नाही, आणि मग व्हायोलिन.

"थांब, थांब! पुन्हा लाव!" दिग्दर्शक ताडकन उठला. "काय आहे हे? ती घरघर थांबते ना, ते ठेवू या. ट्रकचं इंजिन बंद झाल्यासारखं वाटतंय! इतके दिवस मी हेच शोधत होतो. मास्तर, हे आधी का नाही ऐकवलंत?"

मिक्सिंगवाल्याने एकदा मास्तरांकडे बघितलं आणि नजर खाली केली. त्याला सगळं नाही, तरी पुरेसं कळलं होतं.

"ते ठेवायचं नाही," मास्तर म्हणाले.

"अहो, पण का?"

"तो आवाज माझा नाही. मी दिलेला नाही." मग मिक्सिंगवाल्याला म्हणाले, "मला हेडफोन दे. पुढचं ऐकू दे. सगळं."

दिग्दर्शक काहीतरी बोलणार होता, पण मिक्सिंगवाल्याने त्याला चहाच्या निमित्ताने बाहेर नेलं. मास्तर एकटेच ऐकत बसले. पहिला टेक संपला. त्याच्यामागे भिंतीपलीकडे खोकला आला, तोंडावर पदर दाबून खोकावं तसा. टेक चालू असताना तो कुठेच नव्हता. ती थांबून राही आणि व्हायोलिन थांबलं की खोके. दुसऱ्या टेकनंतर पुन्हा खोकला. तिसऱ्यानंतरही होता, पण जेमतेम. मास्तर मात्र 'झालं गं' म्हणतच नव्हते. वरून खाली उतरताना एक स्वर त्यांना आणखी हळुवार हवा होता आणि तो मनासारखा लागत नव्हता, म्हणून ते पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. कानांवर सिनेमातलं पाणी होतं, वारा होता, बाकी कशाचीच शुद्ध नव्हती. पुढच्या टेकांच्या मध्ये खोकला आला नाही. सगळ्यात शेवटी त्यांचा तृप्त आवाज आला, "झालं गं!"

आणि त्यानंतर काहीही नाही. मास्तरांनी पार रेकॉर्डिंग संपेपर्यंत ऐकलं, मग तेवढंच पुन्हा ऐकलं. पलीकडून कोणी मशीन चालू केलं नाही.

म्हणजे आजवरचे सगळेच टेक असे होते. मशीन आल्यापासूनचे सगळे. ती दर वेळी बटण दाबून, श्वास धरून, त्यांच्या हाकेची वाट बघत बसली होती आणि ते ब्लँकेटांवर खूश होते.

घरी जाताना मास्तरांनी ते रेकॉर्डिंग बरोबर घेतलं. वाटेत त्यांच्या मनाने बरेच रस्ते काढले. ताईला सांगून आई थोडीच परत येणार? उलट तिला आणखी धक्का बसेल. काळ गेला की ती सावरेल. एकेक कारण मोठं समंजस होतं. इतकं समंजस की मास्तरांना स्वतःचीच शिसारी आली.

ताई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. "जेवणार ना? मीठ घातलंय की नाही ते तेवढं चाखून बघ."

"ताई, आधी इकडे ये. माझ्या खोलीत."

"काय झालं? पिक्चर गेलं का हातचं?"

"तू बस तर." त्यांनी तिला कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसवलं. "ताई, मशीन तू बंद नव्हतं ठेवलंस."

"झालं तुझं सुरू?" ती वैतागून म्हणाली. "मला लहान पोर समजू नकोस. मी पचवायला शिकतेय ते. शिकू दे."

मास्तरांनी हेडफोन तिच्या कानांवर ठेवले आणि रेकॉर्डिंग लावलं.

पहिल्यांदा तिला काही उमगलं नाही. मग तिने एकदम त्यांचा दंड पकडला. "मशीन! चालू आहे रे! म्हणजे मी लावलं होतं! धाकट्या, मी लावलं होतं!" दीड महिन्यात पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा झाला. किती थकलेली दिसत होती ती, हे मास्तरांना तेव्हा कुठे दिसलं.

मग तिच्या कानात खट् झालं असावं. दंडावरचा हात सुटला.

"हे कोणी..." ती म्हणाली आणि थांबली. विचारायची गरज नव्हती. या घरात कोण काय बंद करतं, हे ती जन्मापासून बघत आली होती.

"मी सुरू करतोय म्हटलं की ती बंद करायची," मास्तर म्हणाले. "दर वेळी. मला पत्ता नव्हता, ताई. खरंच नव्हता."

ताईने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "आणि तू मला माफ केलं होतंस," ती म्हणाली.

मास्तरांनी रेकॉर्डिंग थांबवलं. ते उभेच राहिले.

"त्या दिवशी किती वेळ वाजवत होतास?"

"बराच वेळ."

"कशाला एवढा?"

"एक स्वर मनासारखा लागत नव्हता."

"मग लागला का?"

'लागला' म्हणता आलं असतं. तिला संगीतातलं काही कळत नव्हतं, सिनेमाही ती बघायला आली नसती. तेवढा एक शब्द म्हटला असता, तर आईचं थांबून राहणं निदान कशासाठी तरी होतं असं झालं असतं. मास्तरांनी तो शब्द जिभेवर आणूनही बघितला.

"शेवटचा चांगला झाला असं मला वाटलं होतं," ते म्हणाले. "पण पिक्चरमध्ये पहिलाच घेतलाय."

ताई ओरडली नाही, रडलीही नाही. तिने चार बोल सुनावले असते तर मास्तरांना ते सोसले असते.

"परत लाव," ती अखेर म्हणाली. "ती 'कर, कर' म्हणते तिथपासून. आणि तू बाहेर जाऊन बस."

मास्तरांनी रेकॉर्डिंग मागे नेलं. ताईने हेडफोन स्वतःच उचलले, कानांवर नीट बसवले आणि त्यांच्याकडे पाठ केली. ते बाहेरच्या खोलीत आले, दाराजवळच्या स्टुलावर बसले आणि आतून हाक येईल म्हणून वाट बघू लागले.