शिडाखालची काळी रेघ

माझ्यावर कोरलेल्या जहाजाच्या शिडाखाली एक काळसर रेघ आहे. केसाहूनही बारीक. भिंगातून पाहिले तरच दिसते. मित्रांनो, माझ्या जुन्या रंगातले आता एवढेच उरले आहे.

मी चांदीचे एक जुने नाणे. टांकसाळीत दोन पोलादी ठशांच्या मध्ये मी दाबला गेलो, तेव्हा चांदी मधून कडेकडे सरकली आणि माझ्या अंगावर अतिशय सूक्ष्म रेषा उमटल्या. मला तिरपे धरले की त्या रेषांवरून प्रकाश चाकासारखा फिरायचा. बाजारात मी फारसा फिरलो नाही. लवकरच एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या बाबांच्या खणाखणांच्या डब्यात येऊन विसावलो.

तिथे हवेतल्या गंधकाने हळूहळू माझ्यावर पातळ थर चढवला. मधोमध सोनेरी, मग जांभळा, कडेला निळा. बघणाऱ्यांना तो मळ वाटे. बाबांना मात्र त्याचा कोण अभिमान! आपल्या दोन्ही मुलींना ते बजावत, "पोटाला बोट लावायचं नाही. कडेने धरायचं."

बाबा गेले आणि डबा थोरल्या मुलीकडे, ताईकडे आला. वाटणी नंतर करू, असे दोघी बहिणींचे ठरले. ताईचे घर म्हणजे आरसा. वाचनालयात जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरणार होते, आणि बाबांची नाणी कळकट दिसलेली तिला कशी खपणार? तिने चांदीची भांडी उजळवायचा द्राव आणला आणि डब्यातली अर्धी नाणी त्यात बुचकळली.

क्षणात माझा रंग उतरला. द्रावातल्या आम्लाने वरचा थर तर नेलाच, खालच्या चांदीचा पापुद्राही खरवडून नेला. प्रकाश फिरवणाऱ्या रेषा बोथट झाल्या. वर टॉवेलने खसाखसा पुसल्याने ओरखडे उठले. नळाखाली घाईघाईने धुतल्यामुळे थोडा द्राव अक्षरांच्या कोपऱ्यांत तसाच राहिला.

प्रदर्शनात बाबांचे जुने मित्र, फ्रेमवाले काका, माझ्यासमोर थबकले. म्हणाले, "याला काय झालं? पावडर थापून फोटोला बसवल्यासारखा दिसतोय." सगळे हसले. ताईही हसली, पण घरी आल्यावर तिने डबा कपाटात ठेवला तो ठेवलाच. धाकटीने वाटणीचे विचारले की कधी मुलांच्या परीक्षा, कधी घराला रंग, कधी गुडघेदुखी. उजळवलेली नाणी बहिणीसमोर मांडायची कशी, हे तिला उमगत नव्हते. तोवर माझ्या अंगावर पिवळट डाग फुटले होते.

शेवटी धाकटी येते म्हणाली, आणि ताईने पुन्हा तीच बाटली काढली. मी धसकलो. आणखी एक बुडी, की ती रेघही जाणार. पण धाकटी ठरल्या वेळेआधीच दारात हजर.

"ताई, आधी ती बाटली खाली ठेव."

"अगं, डाग पडलेत. अशी कशी देऊ तुला?"

"लग्नात मला करपलेलं पातेलं दिलंस, तेव्हा नाही लाजलीस ती!"

धाकटी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिने शुद्ध केलेल्या पाण्यात मला बराच वेळ ठेवले, पाणी बदलले, मग मऊ कापडाने नुसते टिपले. घासले नाही. अंगात मुरलेली आग विझावी तसे मला वाटले. ती म्हणाली की आता डाग बहुधा वाढणार नाहीत, गेलेली चमक मात्र परत यायची नाही. मग बाबांचे भिंग डोळ्याला लावून ती जहाज निरखू लागली. तिला रेघ दिसली.

तिने मला ताईच्या हाती दिले. ताईने किती वेळ पाहिले, कोण जाणे.

"हे बाबांच्या वेळचं?"

"हो. तुझ्या तावडीतून सुटलेलं."

मित्रांनो, मागणे एवढेच आहे. जुन्या वस्तूवरचा प्रत्येक डाग म्हणजे मळ नव्हे. ठाऊक नसेल तर हात आवरा, जाणत्याला विचारा. थर चढायला माझे अर्धे आयुष्य गेले, उतरायला एक क्षण पुरला.

ताईने मला खणात ठेवले आणि डबा धाकटीकडे सरकवला.

"वाटणी नको," ती म्हणाली. "सगळा डबा तूच ने. मी येत जाईन तुझ्याकडे. कडेने धरायला."