थंड खोलीतलं भात

बियाण्यांच्या कोठीतल्या बाई म्हणजे मोठ्या शिस्तीच्या. देशभरची जुनी वाणं त्यांच्या थंड खोलीत पाकिटांत बंद, आणि पाहुणा कितीही मोठा असो, चपला बाहेर काढल्याशिवाय त्याला आत पाऊल टाकता येत नसे. पावसाचा भरवसा उरला नाही, उद्या देश जेवेल तो याच पाकिटांतून, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. ऐकवायला काय जातंय!

तर या बाईंच्या दारात एक दिवस त्यांचे धाकटे दीर येऊन उभे राहिले. समुद्र बांध ओलांडून त्यांच्या शेतात शिरला होता. भरघोस येईल म्हणून सरकारने वाटलेलं नवं बियाणं मिठाने करपून गेलं होतं. वरून सरकारी माणूस मागे लागलेला, की जमीन जंगल लावायच्या योजनेत द्या आणि शहरात जा. अख्खा जन्म त्या चिखलात काढलेला माणूस शहरात जाऊन करणार काय, कपाळ? दिरांना आता एकाच गोष्टीची आशा होती. खाऱ्या पाण्यातही तगणारं एक भात त्यांचे वडील दरवर्षी थोडं तरी पेरायचे. शेतकऱ्याच्या घरी असलं बियाणं सुरक्षित नसतं, असं सांगून बाईंनीच ते सगळं कोठीत आणलं होतं. सुनेच्या शब्दाला मान देऊन सासऱ्यांनी शेवटचा दाणाही काढून दिला होता.

बाई खुशीत आल्या. अहो भावोजी, या दिवसासाठीच तर ही कोठी, म्हणाल्या. पण उगवण पाहिल्याशिवाय बियाणं बाहेर द्यायचं नाही, हा त्यांचाच नियम. त्यांनी ओल्या कागदावर दाणे ओळीने मांडले आणि उबेला ठेवले.

तोवर दीर त्यांच्याच घरी राहिले. जेवताना रोज विचारायचे, आला का कोंब? जुना दाणा आहे, जागा व्हायला वेळ लागतो, असं बाई सांगायच्या. पेरणी तोंडावर आली होती. दिरांनी मनातल्या मनात रोपं टाकून लावणीसुद्धा उरकली.

कोंब काही आला नाही. दाणे फुगले, मऊ पडले आणि सडले. बाईंनी दुसरं पाकीट फोडलं, मग तिसरं. सगळीकडे तेच.

थंडीत बियाणं टिकतं, पण जन्मभर नाही. काही वर्षांनी ते मातीत घालून नवं करून घ्यावं लागतं, आणि हे बाईंना माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? त्यासाठी कोठीमागे शेताचा तुकडा होता. हवामान आणि अन्न यांवर परिषदा भरवायला तिथे सभागृह बांधलं, तेव्हा बाईंनी चकार शब्द काढला नाही. खरं तर त्यांना बरंच वाटलं होतं. शेत म्हटलं की पाखरं आली, कीड आली, शेजारच्या पिकाची भेसळ आली. खोलीत कसं सगळं चोख! जपता जपता पेरायचं राहून गेलं, दुसरं काय.

बाईंनी हे दिरांना सांगितलं.

“बाबांकडे असतं तर निम्मं उंदरांनी खाल्लं असतं, वहिनी,” दीर म्हणाले. “निम्मं उरलं असतं.”

त्यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं. बाईंना रडू फुटलं, पण त्या रडण्याचा दिरांना काय उपयोग? त्यांनी पिशवी उचलली. घरी जाऊन जमिनीच्या कागदावर सही करून टाकतो, म्हणाले. दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

“उरलेलं तरी द्या. पेरता नाही आलं, तर एक वेळ शिजवून खाऊ. बाबांच्या हातचं आहे.”

बाईंना मान वर करवेना.

“खाता यायचं नाही, भावोजी. कीड लागू नये म्हणून मी त्याला विष चोळलंय.”