टोपीच्या पोटातलं गंध

साल १९५२. दसरा होऊन दहा दिवस झाले होते आणि मानपाड्याच्या चिंचेखाली संस्थेची मोटार आजाऱ्यासारखी धक्के खात उभी होती.

ती मोटार म्हणजे लढाईतली जुनी लष्करी अँब्युलन्स. ठाण्यात नौपाड्याच्या एका संस्थेने लिलावात घेऊन तिचा फिरता सूतिकादवाखाना केला होता. आत दोन फळ्यांचे बिछाने, स्टोव्ह, औषधांचं कपाट. नर्स वासंती आणि सुईण आवडाबाई आठवड्याचे पाच दिवस त्यातच राहायच्या, रांधायच्या, झोपायच्या. हाकायला मानपाड्याचाच पंढरी.

त्या दिवशी संस्थेचे चिटणीस अण्णा वकील ठाण्याहून छत्री टेकत आले, ते पंढरीला काढून टाकायला. जमलेल्या गावासमोर ते खणखणीत आवाजात म्हणाले, "पेट्रोल विकून टाकीत रॉकेल भरतोस! इंजिन मिसिंग करणार, धक्के खाणार नाही तर काय करेल? किल्ली ठेव इथे."

"अण्णा, मी नाय घातला रॉकेल. देवाशप्पथ नाय."

"चोराची शपथ!"

पंढरीची म्हातारी आई समोरच्या आपल्या घराच्या दारात उभी होती. तिने तोंडाला पदर लावला. ते पाहिलं आणि वासंती मोटारीतून खाली उतरली. लढाईच्या काळात ती कल्याणच्या लष्करी छावणीत दोन वर्षं लॉऱ्या चालवत होती. पण दहा दिवस ती इंजिन बघते म्हणत होती आणि अण्णांचा निरोप यायचा, बाईंनी बाळंतपणं बघावीत.

"बॉनेट उघड पंढरी," ती म्हणाली. "इंजिन चालू ठेव."

"वासंतीबाई, हे तुमचं काम नव्हे."

"मग कुणाचं आहे ते आत्ता कळेल, अण्णा."

तिने कोरडं फडकं हाताला गुंडाळलं आणि प्लगांच्या वायरी एकेक करून उपसून पुन्हा बसवल्या. पहिली काढली, इंजिन आणखी अडखळलं. दुसरी काढली, तसंच. तिसरी काढली, काही फरक नाही. चौथी, तरीही नाही.

"ऐकलंत? दोनच सिलिंडर मेलेत. रॉकेल असतं तर चारही कुरकुरले असते. टाकी काय दोघांना वेगळी आहे?"

"वकिलांना इचारा," आवडाबाई म्हणाली. "त्यांची पुस्तकं जाड असतात."

लोक हसले. अण्णांनी छत्री आपटली. इंजिन बंद करून वासंतीने तिसरा-चौथा प्लग पहिल्या-दुसऱ्याच्या जागी लावला. पुन्हा चालू केलं, तरी तिसरा-चौथा सिलिंडरच मुका. वायरी बदलून पाहिल्या, तेच. म्हणजे खोट मागे होती. चौघांना वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची काळी टोपी तिने काढली, उलटी केली आणि उजेडात धरली.

टोपीच्या आत गंधाची आडवी बोटं होती. त्यावर कुंकू, आणि एक अक्षत चिकटलेली. ओलं गंध वाळून ठिणग्यांनी त्याचा कोळसा झाला होता. तिसऱ्या-चौथ्या वायरीच्या खुंट्यांमधे केसाएवढी काळी रेघ पडली होती आणि त्या आडवाटेने वीज पळत होती.

"खंडेनवमीची पूजा कुणी केली?" तिने विचारलं.

पंढरी सावकाश म्हणाला, "अण्णांनी. मला बोलले लांब उभा रहा, मी सोवळ्यात आहे. मी पार वडापाशी होतो."

"इंजिनाचा जीव त्या टोपीत असतो, असं यानेच मला मागे सांगितलं होतं," अण्णा पुटपुटले. "म्हणून शास्त्रोक्त..."

"जीव असतो म्हणून तुम्ही त्याच्या नरड्यात गंध ओतलंत! आणि ज्याला तो जीव कळतो त्याला वडापाशी उभं केलंत!" वासंतीचा आवाज चिरकला. तिने दवाखान्यातल्या ब्लेडने ती रेघ खरवडली, स्पिरिटने पुसली, टोपी बसवली. इंजिन एका सुरात चालू लागलं.

अण्णांनी घसा साफ केला. "झालं ते झालं. उद्यापासून कामावर ये, पंढरी."

"गावासमोर चोर बोललात. चोर नाय, हे पण गावासमोर बोला."

अण्णांनी आभाळ कोरडं असताना छत्री उघडली आणि ते डोंबिवली स्टेशनची वाट चालू लागले. पंढरीने किल्ली वासंतीच्या हातावर ठेवली. "मला नको, बाई. तुम्हीच हाका."

"अरे, तुझ्या जागी मी कशी..."

"छावणीत लॉऱ्या हाकल्यात तशी."

अण्णा पुढे वीस वर्षं चिटणीस राहिले. संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत 'गाडी अखंड चालू ठेवणारे' म्हणून त्यांचाच फोटो आला, पंढरीचं नाव कुठेच नव्हतं. आवडाबाई ठाकुर्लीला लेकीकडे गेली आणि ती गोष्ट मरेपर्यंत नकला करून सांगत राहिली. पंढरीने वीटभट्टीच्या लॉऱ्या चालवल्या, मग स्वतःची लॉरी घेतली. संस्थेच्या दारात मात्र त्याने पुन्हा पाय ठेवला नाही. त्याची आई दोन वर्षांनी गेली. तिच्या कानावर माफीचा एक शब्द पडला नाही.

वासंतीने ती मोटार एकोणीसशे एकोणसाठपर्यंत स्वतः चालवली. खंडेनवमीला अण्णा पूजेला आले की ती किल्ली कमरेला खोचून बॉनेटवर बसून राहायची आणि म्हणायची, "चाकाला हळद लावा, अण्णा. आत हात नाही घालायचा."