नाव घेईपर्यंत

"पाण्यात पडलं तर माणूस किती वेळ टिकतो हो?" थंडीपासून वाचवणारा लाल सूट अंगावर चढवता चढवता एका पाहुण्यानं विचारलं.

"काही मिनिटं," बोलेट म्हणाली. "म्हणून चेन गळ्यापर्यंत ओढा. आणि कठड्यावर चढू नका."

हिमनग दाखवायच्या प्रत्येक फेरीला कोणीतरी हे विचारायचंच, आणि ती त्याच आवाजात तेच उत्तर द्यायची. दोर सोडणारा एनोक, तिचा धाकटा दीर, अशा वेळी दुसरीकडे बघायचा. बोलेटचा मुलगा गेल्या नोव्हेंबरात याच पाण्यात मासेमारीला गेला. होडी सापडली, तो सापडला नाही. उन्हाळा लागल्यावर तिनं फेऱ्या पुन्हा सुरू केल्या, तेव्हा इलुलिसात गावात लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हतं. तिला काही होतच नव्हतं.

बोट धक्क्यापासून दूर आली तसा एनोक सुकाणूपाशी येऊन कॉफी ओतू लागला.

"वहिनी, आज आमच्या अवियायाकडे कॉफीला बोलावलंय. येणार ना?"

"दुपारची फेरी आहे."

"ती मी रद्द केली."

"तुला कोणी सांगितलं हा शहाणपणा करायला?"

"पोर सारखं रडतंय गं. म्हाताऱ्या म्हणतात, नाव अजून अंगी लागलं नाही. तू येऊन हाक मारल्याशिवाय लागणार कसं? रविवारी बाप्तिस्मा आहे. तुला नकोच असेल तर दुसरं नाव ठेवू, कोणी रागावणार नाही. पण तोंडानं सांग तरी."

बोलेटनं पुढचा बर्फ चुकवत सुकाणू वळवलं.

गेलेल्याचं नाव त्यानंतर जन्मलेल्या बाळाला द्यायचं, आणि तोवर ते उच्चारायचं नाही, ही त्यांच्या घरची जुनी रीत. एनोकच्या लेकीनं, अवियायानं, मुलगा झाल्याबरोबर ते नाव ठेवायचं ठरवलं होतं. आता बोलेटनं जाऊन बाळाला त्या नावानं हाक मारायची, की तिचा मुलगा परत आला असं सगळे धरणार. पण परत आला म्हणायचं, तर आधी तो गेला म्हणावं लागत होतं. बाळाला महिना होत आला तरी ती त्या घराकडे फिरकली नव्हती.

मोठ्या हिमनगापासून बरंच अंतर राखून तिनं इंजिन बंद केलं. पाहुणे गप्प झाले. बर्फ आतल्या आत तडतडत होता. एक तरुण फोटोसाठी कठड्यावर चढला, त्याच वेळी हिमनगाचा एक कडा सुटून पाण्यात कोसळला. लाट आली, बोट कलली.

"उयार्नेक! उतर खाली!" बोलेट ओरडली.

तरुण धडपडत खाली आला. रंग उडालेल्या चेहऱ्यानं हसून म्हणाला, "मी मार्टिन."

"हो," बोलेट म्हणाली. "कठड्यावर चढू नका."

तिनं इंजिन सुरू केलं. एनोकच्या हातातली कॉफी त्याच्या बुटांवर सांडली होती. त्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"बघतोस काय असा?"

"काही नाही. केक संपायच्या आत ये म्हणजे झालं. माझी बायको कोणासाठी ठेवत नाही."

अवियायाच्या दारात बुटांचा ढीग पडला होता. बोलेटनं आपले बूट काढले. आत बायका वाळवलेला मासा चघळत एकमेकींची उणीदुणी काढत होत्या. ती दिसल्यावर बोलणं थांबलं. फक्त बाळाचं रडणं ऐकू येत राहिलं.

"आली बघ तुझी आई," अवियाया बाळाला म्हणाली आणि त्याला पुढे केलं.

बोलेटनं त्याला घेतलं नाही. दोन्ही हात काखेत दाबून ती तशीच उभी राहिली. थोड्या वेळानं एक हात काढून तिनं स्वतःच्या गालाला लावून पाहिला आणि पुन्हा काखेत घातला.

"थांब, उयार्नेक," ती म्हणाली. "हात गार आहेत अजून."