मनगटावरचा हेर

मावशीचा विश्वास तसा दूधवाल्यावरही नव्हता. मग फुकट पट्टे वाटणाऱ्यांवर कुठून बसणार? मुलांच्या मनाच्या दवाखान्यात अभ्यास चालला होता: उदास मुलं किती झोपतात, किती हिंडतात. चौदा वर्षांच्या भाचीच्या मनगटावर झोप-हालचाल टिपणारा रबरी पट्टा बांधून संशोधक बाई गोड हसल्या. ते हसणंच मावशीला खटकलं.

"हे मेलं सगळं ऐकतंय," घरी येताच ती म्हणाली. बहीण गेल्यापासून पोरगी तिच्याकडे होती, कागदोपत्री मात्र काहीच नव्हतं. पोर काहीबाही बरळली आणि 'मावशीला जमत नाही' म्हणून या लोकांनी नेली उचलून, तर? तिने पट्टा काढून स्वतःच्याच हातावर चढवला. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या भाचीने ब्रसुद्धा काढला नाही.

मावशी लॉन्ड्रीत इस्त्री करायची. पहाटे उठायची, दिवसभर उभी असायची आणि पाठ टेकताच घोरायची. पट्ट्याने ते इमानेइतबारे टिपलं. दवाखान्यातल्या दर आठवड्याच्या भेटीआधी तो भाचीच्या हातावर यायचा. तिथे ती गप्प बसायची आणि मावशीच म्हणायची, "छान आहे आता."

महिन्याने आलेख बघून बाई खूश झाल्या. "गाढ झोप, दिवसभर पायांवर! आता दर आठवड्याला यायची गरज नाही. तिची वेळ दुसऱ्या मुलाला देऊ."

ही बाई आपल्याला जाळ्यात ओढतेय की काय, असं मावशीला वाटलं. तेवढ्यात भाचीने मान वर केली.

"मग मी आता यायचंच नाही?"

पोरगी केस विंचरायची ती फक्त इथे यायचं म्हणून, हे मावशी बघत होती. खरं बोलावं तर पोर हातची जाईल, आणि गप्प बसावं तर ती पलंगावरच राहील.

"ती झोप माझी आहे," ती कशीबशी म्हणाली. "पट्टा मीच घालत होते. ही उठतसुद्धा नाही हो. आता न्यायचंच असेल हिला, तर..."

बाई भाचीकडे वळल्या. "तू का नाही बोललीस गं?"

"मावशीला वाटत होतं, तुम्ही मला न्याल," भाची सपाट आवाजात म्हणाली. "मला वाटलं, न्यावं. तिची तरी सुटका होईल."

मावशी खुर्ची ओढून तिच्याजवळ सरकली.

"मला हिच्याशी एकटीशी बोलू द्याल?" बाईंनी विचारलं.

मावशीने भाचीच्या केसांवरून हात फिरवला आणि तिला त्या परक्या बाईपाशी सोडून ती बाहेर बाकावर जाऊन बसली.