कशाने आलात?

आमच्या बेटावर कुणी मोठ्या जमिनीवरून आलं की त्याला आधी 'कसे आहात' असं विचारत नाहीत. 'कशाने आलात?' असं विचारतात. बोटीने, विमानाने की हिवाळ्यात गोठलेल्या समुद्राच्या बर्फावरून. त्या उत्तरात वारा, थंडी, समुद्र सगळं कळतं. तब्येतीचं मग कॉफी ओतताना विचारता येतं.

बाबांना इस्पितळात नेलं तेव्हाही लोकांनी हेच विचारलं.

"हेलिकॉप्टरने," आई प्रत्येकाला सांगत होती.

"जन्मात पहिल्यांदा उडाला आणि तेही शुद्धीत नसताना," शेजारचे एल्मारकाका म्हणाले. "कळलं तर चिडेल बघ, सल्मे."

आई हसली नाही. तिने त्यांच्यापुढे ब्रेड आणि धुरावलेला मासा ठेवला आणि ओटा पुसायला लागली. तो स्वच्छच होता.

शनिवारी सकाळी राजधानीतून, टाल्लिनच्या इस्पितळातून फोन आला, तो मी घेतला. मेंदूतला रक्तस्राव थांबला होता, पण मेंदू आता परत काम करणार नव्हता. श्वास यंत्र देत होतं आणि हृदय थकत चाललं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही येईपर्यंत आम्ही काही बंद करणार नाही. पण हृदय रात्रीपर्यंत तग धरेल असं मी सांगू शकत नाही. लवकर निघा."

मी जसंच्या तसं आईला सांगितलं. माझा आवाज प्रयोगशाळेत आकडे वाचून दाखवताना निघतो तसा निघत होता.

"मग कशाने जायचं?" आईने विचारलं.

सकाळची बोट यंत्र बिघडून धक्क्यालाच उभी होती. दुसरी बोट समोरच्या किनाऱ्यावरून यायची, ती दुपार उलटल्यावर. राजधानीची बस बोटीत चढूनच जाते, म्हणजे बसही नाही. विमान शनिवारी संध्याकाळी एकच. बर्फाचा रस्ता मात्र आदल्या दिवशी उघडला होता.

तो मी मुद्दाम शेवटी सांगितला. कारण बाबांनी आयुष्यभर त्या रस्त्याची राखण केली. बर्फाला भोकं पाडून जाडी मोजायची, दोन्ही कडांना खुणेसाठी जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या रोवायच्या, भेग दिसली की रस्ता वळवायचा. आणि आई त्यावरून एकदाही गेली नव्हती. ते बर्फावर असताना घरातलं एक माणूस जमिनीवर असलेलं बरं, असं ती म्हणायची. बाबा दर हिवाळ्यात म्हणायचे, "चल, या खेपेला तुला नेतो." ती म्हणायची, "बोट आहे ना."

आईने फडकं वाळत घातलं. "एल्मारला विचार, गाडी काढतो का."

काकांनी गाडी आधीच तापत ठेवली होती.

हेल्टरमाच्या किनाऱ्यावर, रस्ता बर्फावर उतरतो तिथल्या अडसरापाशी कालेव उभा होता. बाबांच्या जागी आता तो असतो. त्याने खिडकीतून आत वाकून पाहिलं.

"सल्मे? तू? बर्फावर?"

"मी," आई म्हणाली.

"एंडेलला सांगितलं तर विश्वास..." बाबांचं नाव घेऊन तो थांबला. मग माझ्याकडे वळला. "आणि मारेत, हे काय? आईला पट्टा बांधलास? टार्टूला शिकायला गेलीस आणि घरचं विसरलीस?"

मी खाली पाहिलं. गाडीत बसताच मी आईचा पट्टा लावला होता आणि माझाही. बर्फावर पट्टा बांधत नाहीत. गाडी खाली गेली तर बाहेर उडी मारता आली पाहिजे. बेटावरच्या पोरासोरांना हे चालायला लागण्याआधी कळतं. मी पट्टे सोडले. माझी बोटं नीट चालत होती. मला त्याचं थोडं नवल वाटलं.

"अंतर राखा, मध्ये थांबू नका," कालेव म्हणाला आणि त्याने अडसर उचलला.

काकांनी गाडी हळू उतरवली आणि मग एकदम वेग घेतला.

"एवढ्या झटक्याने का?" आईने विचारलं.

"गाडी चालली की बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते," मी म्हणाले. "ताशी पंचवीस ते चाळीस किलोमीटरच्या मध्ये गाडी आणि लाट बरोबर धावतात. मग लाट वाढत जाते आणि बर्फ फोडते. म्हणून एकतर तिच्या मागे राहायचं, नाहीतर पुढे."

"हे तो जेवताना सांगायचा," आई म्हणाली. "मी ऐकत नसे."

पांढऱ्यावर जुनिपरच्या फांद्या मागे जात राहिल्या. मध्येच कुठे तरी बर्फ खोलवर कण्हल्यासारखा वाजला. आईने दाराच्या कडीवर हात ठेवला, बस. काकांचा काटा ऐंशीकडे सरकला.

"सत्तरच्या वर नाही, एल्मार."

"अगं, उशीर होईल."

"होऊ दे. त्याचा रस्ता आहे, त्याचा नियम."

काकांनी पाय उचलला. काटा सत्तरवर परतला.

मोठ्या जमिनीवर चढल्यावर काकांनी पट्टा लावला, मी लावला. आईने लावला नाही. गाडी बर्फावरच्यासारखीच टुकटुक करून आठवण देत राहिली. हाप्सालू गाव मागे पडेपर्यंत तो आवाज आम्ही तिघांनी ऐकला. मग मी मागून हात घालून आईचा पट्टा लावला आणि आवाज थांबला. ती समोर बघत होती.

इस्पितळात पोचलो तेव्हा बाबांचं हृदय चालू होतं. पडद्यावरची रेघ बारीक होती आणि मधली अंतरं सारखी नव्हती. डॉक्टर म्हणाल्या, "बोला त्यांच्याशी. ऐकू येतं की नाही ते माहीत नाही, पण बोला."

आई कोट न काढताच खुर्चीवर बसली. तिने बाबांचा हात घेतला नाही, पांघरुणाची कड सरळ केली.

मग ती म्हणाली, "बर्फावरून आले."

ती थांबली. त्यांनी पुढचं विचारावं इतका वेळ तिने जाऊ दिला.

"बोट बंद होती. कालेव होता अडसरावर. फांद्या सरळ रोवल्यात त्याने. मध्ये एकदा वाजला बर्फ, पण भेग नव्हती." तिने पांघरुणाची दुसरी कड सरळ केली. "एल्मार घाई करत होता. सत्तरच्या वर नाही जाऊ दिलं मी."

डॉक्टरांनी 'यंत्र बंद करू?' अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. आईने होकारार्थी मान हलवली आणि मग कोटाची बटणं काढायला लागली, वरून खाली, एकेक.